नांदगाव तिठ्यावरची कौलाची डबी

मी कौलाची डबी बोलतेय. नावावरून मला देवळातली समजू नका. मी नांदगाव तिठ्यावरच्या गुणाजी मिस्त्रींच्या गॅरेजातली, गाडीला जोडायची, तळहातावर मावणारी काळी डबी. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पाठीवर 'कोड रीडर' अशी अक्षरं होती. ग्रीसच्या बोटांनी ती पुसली गेली, त्यालाही आता पाच-सहा वर्षं झाली. आता माझं नाव लोकांनी ठेवलं तेच.

माझं काम तसं सोपं. नव्या गाड्यांच्या पोटात एक छोटा मेंदू असतो. इंजिनात काही बिनसलं की तो समोर एक पिवळा दिवा पेटवतो आणि त्या बिघाडाचा एक आकडा स्वतःशी लिहून ठेवतो. माझ्या शेपटीचं टोक स्टिअरिंगच्या खाली खोचलं की तो आकडा माझ्या दोन ओळींच्या पडद्यावर उमटतो. आकड्याचा अर्थ सोबतच्या पुस्तिकेत. झालं. गाडी दुरुस्त करणं मला येत नाही, आणि मी तसं कधी म्हटलंही नव्हतं. पण मला बोलता कुठे येत होतं? आलं असतं तर दोन हजार चारचा तो शिमगा वर्षालीला इतका जड गेला नसता.

माझा जन्म दोन हजार एक साली कोईमतूरच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. पांढरा कोट घातलेल्या एका बाईने माझ्या अंगातल्या तारा एकेक करून डागल्या, मला उजेडाकडे धरून पाहिलं आणि दुसऱ्या डबीकडे वळली. तिथून मी गेले एका तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेत. मुलांनी पळवू नये म्हणून मला बारीक साखळीने टेबलाला बांधलेलं होतं.

तिथेच मला वर्षाली पहिल्यांदा भेटली. गुणाजी मिस्त्रींची मुलगी. कोईमतूरला तिचे मामा गिरणीत नोकरीला होते, त्यांच्याकडे राहून ती गाड्यांचं शिक्षण घेत होती. वर्गात ती एकटीच मुलगी. इतर मुलं मला घाईने खोचायची, आकडा लिहून घ्यायची आणि निघून जायची. वर्षाली मात्र मला दोन्ही हातांत धरायची आणि आकडा उमटेपर्यंत श्वास रोखायची. आपल्या गावात असं एक यंत्र पाहिजे, असं ती मैत्रिणींना सांगायची, तेव्हा तिचे डोळे असे चमकायचे की मुली हसू दाबायच्या. आमच्याकडे लोक अजून अंदाजाने इंजिनं खोलतात, ती म्हणायची. उघडल्याशिवाय कळलं पाहिजे. कळणं हा गावाचाही हक्क आहे.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकायची. त्या प्रयोगशाळेत बिघाड सरांनी मुद्दाम केलेले असत. सर एखाद्या सेन्सरची पिन काढून ठेवायचे, मी त्या सेन्सरचा आकडा दाखवायचे, मुलं तो सेन्सर पाहायची आणि प्रश्न सुटायचा. दर वेळी उत्तर बरोबर. पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं होतं की आकडा म्हणजे निदान नव्हे. पुढच्या तासाला फळा पुसला गेला.

दोन हजार तीनमध्ये प्रयोगशाळेत माझ्याहून हुशार यंत्रं आली आणि आम्हा जुन्यांना मोडीत काढायचं ठरलं. वर्षालीने सरांकडे हट्ट धरून मला मागून घेतलं. माझी साखळी तिनेच कापली. तिला कोईमतूरच्याच एका मोठ्या कारखान्यातून नोकरीचं पत्र आलं होतं; पुढच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेपर्यंत हजर व्हायचं होतं. ते पत्र तिने माझ्याच खोक्याच्या तळाशी ठेवलं आणि दोन गाड्या बदलून, गणपतीच्या तोंडावर, आम्ही नांदगावच्या स्टेशनात उतरलो.

गुणाजी मिस्त्रींचं गॅरेज तिठ्यावर, जिथे हमरस्त्याला देवगडकडून येणारा रस्ता मिळतो तिथे. वर पत्रे, एक आंब्याचं झाड आणि दिवसभर ट्रकांचा घरघराट. मिस्त्री उंच, किडकिडीत, बोलायला अगदी तोकडे. त्यांचं खरं हत्यार म्हणजे लाकडी मुठीचा एक लांब डिसमिस. चालत्या इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. असं पाचएक मिनिटं उभं राहिलं की ते सांगायचे, बेअरिंग गेलाय, किंवा तिसरी झडप नीट बसणा नाय. पंचवीस वर्षं लोक कणकवली सोडून त्यांच्याकडे येत ते त्या डिसमिसासाठी.

वर्षालीने मला खोक्यातून काढून त्यांच्यापुढे धरलं आणि एका दमात सगळं सांगितलं. माझं काम, तिचं स्वप्न, तिला गॅरेज कसं करायचं आहे ते; नोकरीचं पत्रही दाखवलं. मिस्त्री पाना पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "शिमग्यापर्यंत बघूया. तोपर्यंत ह्या डबयेचा काय जमला तर ठीक. नायतर तुझ्या त्या नोकरेक जा."

वर्षालीचा चेहरा उतरला. कोकणात गणपती ते शिमगा म्हणजे सहा-सात महिने. तेवढ्या वेळात वडिलांना पटवायचं, नाही तर खोक्याच्या तळाशी ठेवलेलं ते पत्र घेऊन परत जायचं. मला तिने फळीवर ठेवलं, डिसमिसच्या शेजारी.

माझं बारसं दाजींनी केलं. दाजी म्हणजे गावातले घाडी, देवळात देवापुढे गाऱ्हाणं घालणारे आणि कौल लावणारे. आमच्याकडे अडलेल्या माणसाने देवाला विचारायचं असतं. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवीकडची पाकळी पडते की डावीकडची, ते पाहायचं. दाजी रोज सकाळी मिस्त्रींकडे चहाला येत. वर्षाली एका पाहुण्याच्या मोटारीला मला जोडून बसली होती. ती पडद्याकडे डोळे लावून गप्प बसलेली पाहून दाजी बशीतला चहा फुंकत म्हणाले, "गो बाय, ह्या तर कौल लावल्यासारखाच झाला. तू इचारतलंस आणि डबी सांगतली."

त्या दिवशी आकडा आला, वर्षालीने एक सैल झालेली पिन दाबून बसवली आणि दिवा विझला. पाहुणा मुंबईचा, त्याने तिठ्यावरच्या हॉटेलात ते चौघांना सांगितलं. आठ दिवसांत मी कौलाची डबी झाले.

काय ते दिवस होते. दिवाळीपासून रीघ लागली. ज्या गाड्यांना मेंदूच नव्हता त्यासुद्धा लोक घेऊन यायचे. एकाने ट्रॅक्टर आणला. एकाने होडीचं इंजिन बैलगाडीत घालून आणलं आणि दोर सोडता सोडता म्हणाला, "डबी लाव गो, हेका कोणाची नजर लागली ती बघ." वर्षाली कुणाला हसली नाही. ती प्रत्येकाला माझं टोक दाखवून, हे कुठे खोचतात आणि का, हे समजावून सांगायची. पुढच्या दहा वर्षांत सगळ्या गाड्या अशाच येणार, शिकून घ्या, असं ती म्हणायची. माणसं मान डोलवायची आणि विचारायची, "ता खरा, पण कौल काय पडलो?"

मिस्त्री हे सगळं लांबून पाहायचे. वर्षाली त्यांना मागून हाक मारून सांगायची, बाबा, हा बघा, आकडो इलो. ते उत्तर द्यायचे नाहीत. कधी ती जेवताना काही विचारायची आणि ते ताटाकडेच पाहत राहायचे. ते आपल्यावर रागावलेत, आपण त्यांच्या डिसमिसच्या जागी डबी आणली म्हणून, असं तिच्या मनाने घेतलं. रोज गॅरेज झाडताना ती मला पुसायची आणि हळूच म्हणायची, तू जरा काम चांगलं कर, म्हणजे ते बोलतील.

पौषात पद्मावतीची व्हॅन आली.

पद्मावती मिठबावची. पाटी डोक्यावर घेऊन मासे विकत विकत तिने गावं पालथी घातली होती आणि आता कुठे तिच्या दारात एक पांढरी व्हॅन उभी राहिली होती. सकाळी नवरा, लवू, बांगडे नि सौंदाळे बर्फात घालून क्रेट मागे चढवायचा, ती शेजारी बसायची, आणि दोघं नांदगाववरून कणकवलीच्या बाजारात जायची. लवूच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. व्हॅन थांबवून तो उतरला नि म्हणाला, "गो वर्षाली, दिवो पेटलो आसा. गाडयेचो बघलंस काय मग जरा आमच्या हिकाय डबी लाव. सकाळधरना पेटलेली आसा."

"आदी तुमच्या डोक्याक लावूया," पद्मावती खाली उतरत म्हणाली. "आत मेंदू गावता काय बघूया." मग ती वर्षालीकडे वळली. "बाय, उतारार गाडी बंद पडता. चढार काय नाय, सपाटीर काय नाय. उतारार बिरेक मारलो की धापा टाकता नि बंद."

वर्षालीने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ती मला जोडत होती. आकडा उमटला: इंजिनाच्या पाण्याची गरमी मोजणारा सेन्सर. वर्षालीने पुस्तिका पाहिली, कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने नवा सेन्सर मागवला आणि बसवला. दिवा विझला. पद्मावतीने तिच्या हातावर दोन सुरमया ठेवल्या.

आठ दिवसांनी व्हॅन परत आली. दिवा पेटलेला. या वेळी दोन आकडे, आधीचा होताच आणि दुसरा, हवेच्या झडपेवरच्या सेन्सरचा. वर्षालीने तोही सेन्सर बदलला. पद्मावती पुन्हा म्हणाली, बाय, उतारारच बंद पडता गो. वर्षाली म्हणाली, काकी, डबीने सांगितलंय ना.

मला इथेच काहीतरी सांगायचं होतं. मी फक्त एवढं म्हटलं होतं की या सेन्सरकडून मेंदूला येणारा निरोप जुळत नाही. सेन्सर मेला, असं मी कधी म्हटलं? निरोप सांगणारा खोटा असतो, तसा निरोप वाटेतही बिघडतो. पण वर्षालीने मला विचारलंच नाही. आकडा दिसला की तिला कोईमतूरची ती प्रयोगशाळा दिसायची, जिथे उत्तर दर वेळी बरोबर होतं. पद्मावतीचं बोलणं तिच्यापर्यंत पोहोचत नव्हतं, कारण मी तिच्या कानात बोळ्यासारखी बसले होते.

तिसऱ्यांदा व्हॅन आली ती दोरीने ओढत. माघ संपत आला होता. पद्मावतीने आवाज चढवला नाही. क्रेटचं झाकण उघडून तिने एक बांगडा वर्षालीच्या हातावर ठेवला. तो मऊ पडला होता, डोळा लाल झाला होता.

"तुझ्या डबयेन दोनदा सांगल्यान," ती म्हणाली, "आणि माझा म्हावरा वाटेर गेला. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघणा नाय गो, बांगड्याच्या डोळ्याकडे बघता. वीस वरसां मी त्या बाजारात बसतंय, कोणी माका शिळा देतंस म्हणूक नाय. काल म्हणाले. शिमग्याक गाडी देवन टाकतंय. परत पाटी घेतंय डोक्यार, पायांचो तरी भरवसो आसा."

लवूने झाकण बसवून क्रेट परत व्हॅनमध्ये सरकवला.

ती गेल्यावर वर्षाली वडिलांकडे गेली. मिस्त्री पाठमोरे, बादलीत हात धूत होते. "बाबा," ती म्हणाली, "माका जमणा नाय. तुमी एकदा बघतास?" त्यांनी हात झटकले, फडक्याला पुसले आणि तिच्याकडे न बघता झाडाखाली जाऊन बसले.

वर्षालीने मला खोक्यात ठेवलं आणि तळाशी ठेवलेलं ते पत्र वर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी चहाला आले, तेव्हा ती त्याच खोक्यावर हनुवटी टेकून बसली होती. दाजींनी कारण विचारलं नाही. ते आपले त्यांच्याच नादात, देवळात आदल्या दिवशी काय झालं ते सांगत होते. "बाबल्याची म्हस हरवली. येवन देवाक इचारता, माझी म्हस खंय गेली? आता पाकळी काय सांगतली? ती उजवी पडात नायतर डावी. मी सांगलंय, बाबल्या, देव खोटा बोलणा नाय, पण आमकाच इचारूक कळणा नाय. नदीच्या वाटेन गेली काय, असा इचार. मगे पाकळी पडली."

वर्षालीने हनुवटी उचलली. तिने मला खोक्यातून परत बाहेर काढलं.

शिमग्याला आठ दिवस राहिले होते. पद्मावती व्हॅन घेऊन आली ती घेणाऱ्याला दाखवण्याआधी शेवटचं काय ते बघावं म्हणून. वर्षाली चालकाच्या जागी बसली, मला जोडून मांडीवर ठेवलं आणि इंजिन चालू केलं. शेजारी टायरात हवा भरायचा कॉम्प्रेसर धडधडत होता, फरशीसुद्धा थरथरत होती. मिस्त्री त्या दिवशी आपणहून आले. पद्मावतीला त्यांनी नुसतं हाताने थांब म्हटलं, बाजूची सीट वर उचलली, कारण त्या व्हॅनचं इंजिन सीटखाली होतं, आणि डिसमिस हातात घेतला.

तेवढ्यात इंजिन धापा टाकू लागलं आणि बंद पडलं. माझ्या पडद्यावर इंजिनाच्या फेऱ्यांचाही आकडा दिसतो, तो शून्य झाला.

मिस्त्रींनी डिसमिसचं टोक इंजिनावर टेकवलं. मूठ कानाला लावली. डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच उभे राहिले, चेहऱ्यावर ती जुनी, सगळ्या तिठ्याला ओळखीची शांतता. मग मान डोलवून म्हणाले, "आता बरा चलता."

लवूच्या तोंडावर हसू आलं होतं. पद्मावतीने त्याचं मनगट धरलं आणि तो थांबला.

वर्षालीने माझ्या पडद्यावरच्या शून्याकडे पाहिलं, मग वडिलांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे. ताटावरचं ते गप्प राहणं, मागून मारलेल्या हाका, त्या दिवशी बादलीपाशी मागितलेली मदत, सगळं तिच्यापुढून एकदम गेलं असणार. रागावलेला माणूस आणि ऐकू न येणारा माणूस पाठीमागून सारखाच दिसतो.

ती उतरली, वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या हाताला हात लावला. त्यांनी डोळे उघडले.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, तिचे ओठ त्यांना दिसतील असं. "इंजिन बंद आसा."

मिस्त्रींनी डिसमिस खाली घेतला. कॉम्प्रेसरकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे.

"माका वाटला चलता," ते म्हणाले. "हातात थरथर लागली."

"कधीपासून आयकाक येणा नाय?"

"दोन वरसां झाली. आदी बारीक आवाज गेले. मगे माणसां गेली."

"माका कित्या सांगलात नाय?"

मिस्त्रींनी डिसमिसची मूठ फडक्याने पुसली. "सांगलंय असतंय तर तू शिक्षण टाकून धावत इली असतंस," ते म्हणाले. "बापाक कान नाय म्हणान चेडू घराक बांधून घेवचा? म्हणान शिमग्याची मुदत घातलंय. तुझा काम हय असात तर रव. माझ्या कानांसाठी रवतलंस तर माका ता नको."

पद्मावती पाठ करून रस्त्याकडे बघत उभी राहिली होती. लवू आपल्या चपलेकडे.

वर्षालीने डोळे मनगटाने पुसले. त्यामुळे गालावर ग्रीस आलं. मिस्त्रींनी ते पाहिलं, आणि मला वाटतं, त्यांना तिथेच बरं वाटलं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही काय म्हणता ता सांग. वरडा नको, माझ्याकडे बघान सांग."

वर्षालीने मला त्यांच्यासमोर धरलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ती बोटाने दाखवत गेली: हा पाण्याच्या सेन्सरचा आकडा, हा हवेच्या झडपेचा. दोन्ही नवीन बसवलेत. तरी दोघंही खोटं सांगताहेत.

"दोघवय एकदमच?"

"एकदमच."

"मगे ते खोटा बोलणत नाय. दोन माणसां एकाच येळाक वेडी होणत नाय," मिस्त्री म्हणाले. "दोघांची वाट खंय एक होता?"

वर्षाली थांबली. मग पद्मावतीकडे वळली. "काकी, उतारावर म्हणालात ना?"

"माघापासून तुका ताच सांगतंय गो," पद्मावती म्हणाली, आणि मग स्वतःच दुरुस्ती केली, "पौषापासून."

वर्षाली सरळ व्हॅनमध्ये शिरली. दोन्ही सेन्सरच्या अर्थिंगच्या तारा एकत्र होऊन जिथे गाडीच्या अंगाला बोल्टने कसलेल्या असतात, ती जागा ती शोधू लागली. तार चालकाच्या पायांखालच्या रबरी चटईखाली जात होती. मिस्त्रींनी चटई उचलली, खाली वाकले आणि नाकाने श्वास घेतला. "हय म्हावऱ्याचो वास येता."

"मिस्त्रीनू, अख्खे गाडयेत म्हावऱ्याचोच वास आसा," लवू म्हणाला. मिस्त्रींना ते ऐकू गेलं नाही, आणि ते बरंच झालं.

बोल्ट सापडला. त्याला बोल्ट म्हणायचं ते नुसतं सवयीने. क्रेटमधल्या बर्फाचं खारट पाणी मागे साठायचं, उतारावर ब्रेक लागला की चटईखालून पुढे धावत यायचं आणि त्या बोल्टवर थांबायचं. वर्षभर रोज. हिरव्या-पांढऱ्या किटाने तो पार खाऊन टाकला होता, म्हणून आता उभ्या जागीही इंजिन बंद पडत होतं. मिस्त्रींनी दोन बोटांनी वळवला तर त्याचा चुरा त्यांच्या हातात आला. कोईमतूरच्या प्रयोगशाळेत असा बिघाड कुणी करून ठेवला नसता. तिथे समुद्र नव्हता.

बापलेकीने मिळून ते काम केलं. पत्रा पॉलिश पेपरने घासून लखलखीत केला, तारेचं टोक कापून नवं लावलं, अर्थिंगची तार चटईपासून वीतभर वर नेऊन कसली आणि वर ग्रीसचा गोळा थापला. लवूला क्रेटखाली ठेवायला पत्र्याचा उथळ ट्रे करून दिला. मग मला जोडलं. मी जुने आकडे पुसले आणि वाट पाहिली. आकडा नाही. पद्मावती व्हॅन घेऊन गेली. तिचा कौल अजून पडायचा होता.

शिमग्याच्या दिवशी पालखी तिठ्यावरून नाचत गेली. ढोल एवढे वाजत होते की मिस्त्रींनी छातीवर हात ठेवून ते अंगात घेतले. पालखी पुढे गेली, आणि मागून पांढरी व्हॅन येऊन थांबली. पद्मावती उतरली. रोज उतरणीवर तीन-तीनदा ब्रेक मारून बघितला, असं लवू सांगू लागला, पण तिने त्याला पुरं करू दिलं नाही. क्रेटमधून तिने एक बांगडा काढला आणि वर्षालीच्या हातावर ठेवला. टणक, डोळा काचेसारखा. "गाडी इकणय नाय," ती म्हणाली. एवढंच.

संध्याकाळी मिस्त्रींनी माझं खोकं स्वतः उघडलं आणि ते पत्र काढून वर्षालीसमोर धरलं. "शिमगो झालो. काय ता ठरव."

"माझा काम हय आसा."

"माझ्या कानांसाठी?"

"नाय," वर्षाली त्यांच्याकडे बघून म्हणाली. "बांगड्याच्या डोळ्यासाठी."

मिस्त्री हसले. ते हसताना आवाज करत नसत. त्यांच्या खांद्यांवरून कळायचं.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं माझ्या आयुष्यातली खरी. वर्षाली आता आधी विचारायची, मग जोडायची: कधी होतं, कुठल्या रस्त्याला, गाडीत काय नेता. मिस्त्रींना तिने कणकवलीला नेऊन कानाचं यंत्र आणलं. ते त्यांनी रविवारपुरतं ठेवलं. "कानात मशीन, हातात मशीन, मगे मी खंय?" असं त्यांचं म्हणणं. पण मला मात्र त्यांनी हातात घेतलं. डावा तळहात इंजिनावर, उजव्या हातात मी. फेऱ्या आठशे, साडेआठशे, हलल्या की त्यांचं बोट माझ्या पडद्यावर हलायचं. जे कानाने ऐकायचे ते आता डोळ्याने आणि तळहाताने ऐकू लागले. डिसमिस फळीवर गेला. काम संपलं की ते मला स्वच्छ फडक्याने पुसायचे. ते फडकं त्यांनी फक्त माझ्यासाठी ठेवलं होतं.

मग गाड्या बदलल्या. त्यांची टोकं वेगळी, भाषा वेगळी. वर्षालीने लॅपटॉप आणला. त्याच्यात माझ्यासारख्या पन्नास डब्या मावतात. तिने मला टाकलं नाही, पण हातही लागेनासा झाला. माझ्या पडद्याची डावी बाजू विझली. आता आकडा अर्धाच दिसतो. हे दोन हजार दहा साल. माझं टोक जिला बसतं अशी एकच गाडी उरली होती.

ती परवा गेली. खारी हवा शेवटी व्हॅनच्या पत्र्यात शिरलीच. पद्मावतीने टेम्पो घेतला, आणि व्हॅन भंगाराकडे नेण्याआधी ती मुद्दाम तिठ्यावर घेऊन आली. "मिस्त्रीनू, एकदा डबी लावा," ती म्हणाली, हाताने खुणा करत. "बाकी काय नको. नुसती लावा."

मिस्त्रींनी मला फळीवरून घेतलं, पुसलं, जोडलं. लवूने इंजिन चालू केलं. शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता, रस्त्यावर ट्रक. वर्षाली पाठमोरी, दुसऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून. मिस्त्रींनी तळहात इंजिनावर ठेवला आणि माझ्या अर्ध्या पडद्याकडे पाहत उभे राहिले. बिघाडाचा आकडा नव्हता. फेऱ्या नीट होत्या. बऱ्याच वेळाने लवूने हळूच चावी फिरवली.

त्या गोंगाटात वर्षालीला कळलं नाही. पद्मावतीलाही नाही. मी शून्य दाखवलं, उरलेल्या उजव्या बाजूला, जेवढं दिसत होतं तेवढं.

"बंद झाली," मिस्त्री म्हणाले.

वर्षालीने बॉनेटमधून डोकं काढून त्यांच्याकडे पाहिलं.

आता मला जोडायला कुठली गाडी नाही. मला तक्रार नाही. माझं एकच मागणं आहे, या गॅरेजात पुढे कुणी येईल त्याच्याकडे. फळी झाडलीत तर झाडा, पण त्या लाकडी मुठीच्या डिसमिसशेजारून मला हलवू नका. आम्ही दोघं एकाच माणसाचे कान होतो.